टाकीवरचं नाक

जळगाव स्टेशनाच्या मालधक्क्यापलीकडे एका विलायती कंपनीची घासलेटची वखार होती, त्या काळातली ही गोष्ट. रेल्वेच्या टाकीडब्यांतून घासलेट यायचं, वखारीतल्या मोठ्या टाक्यांत उतरायचं आणि तिथून पत्र्याच्या चौकोनी डब्यांत भरून साऱ्या खानदेशात जायचं. धुळे, शिरपूर, सावदा, रावेर, जिथं जिथं दिवा लागायचा तिथं हे डबे पोचायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मात्र वखारीच्या मागच्या चाळीत होता, आणि त्याची चौकशी करायला कोणी यायचं नाही.

चाळीत सगळं काही डब्यांचंच होतं. पाणी डब्यात, दाणे डब्यात, भिंती डब्यांच्या पत्र्याच्या, आणि झुंबरबाईच्या दारातला मोगरासुद्धा डब्यातच लावलेला. पुरुष संध्याकाळी घरी येत ते भिंतीला पाठ लावून बसत आणि बसूनच राहत. भांडायलाही त्यांच्यात जीव उरलेला नसे. कोणाचं डोकं जड, कोणाला मळमळ. डबे भरणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत लाल होऊन सोलवटलेले असत, त्यांना बायका करंजाचं तेल चोळत. धोतरं भिजून अंगावरच वाळत, मांड्यांना चट्टे पडत. तरी चाळीत एक मोठा समज होता, की घासलेटात काम करणाऱ्याला ताप येत नाही. ताप येत नसेलही. बाकी सगळं येत होतं.

झुंबरबाई नवऱ्याबरोबर शिरपूरकडच्या खेड्यातून इथं आली त्याला बरीच वर्षं झाली होती. गावच्या शेतावर तीन भाऊ जगणं अवघड, म्हणून मधला भाऊ लोटन, तिचा नवरा, वखारीत लागला. पहिलं वर्षभर तिच्या भाकरीला घासलेटचा वास यायचा. पिठाला नाही, पाण्याला नाही, तिच्या हातांना. नवऱ्याचे कपडे धुऊन धुऊन तो हातांतच मुरला होता. बाई तोंडाची फटकळ. "ह्या घरमा दिवा लावानी गरज नही, माले काडी लावा, मीच पेटसू," असं ती शेजारणींना सांगायची आणि स्वतःच हसायची. अलीकडे ती तेवढी हसत नसे.

लोटनला मात्र वखारीत मान होता, आणि तो त्याच्या नाकामुळे होता. आल्या आल्याच त्याची ख्याती झाली. शेकडो डब्यांच्या थप्पीपुढून तो नुसता चालत जायचा आणि मध्येच थांबून एका डब्यावर बोट ठेवायचा. डबा काढून बघावा तर खाली बारीक पाझर. पुढे त्याच्याकडे टाकीचं काम आलं.

दर उन्हाळ्यात टाक्या साफ होत. टाकी म्हणजे अर्धी जमिनीत पुरलेलं लोखंडी पोट, वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आत शिडी. तळाशी काळा गाळ साठायचा, तो माणसांनी उतरून खरवडून काढायचा. त्या कोंडलेल्या वाफेत माणसाला भोवळ येते, आणि भोवळ आलेला माणूस गाळात तोंडावर पडला तर संपलंच. म्हणून कंपनीचा नियम होता: टाकी रिकामी करून उघडी ठेवावी, वारा खेळू द्यावा, आणि खात्री करून मगच माणूस उतरवावा. खात्री कोणी करायची आणि कशी, ते मात्र नियमात नव्हतं. साहेबलोकांचे नियम असेच असतात, अवघड जागा आली की संपतात. जळगावच्या वखारीत खात्री म्हणजे लोटन. उतरायच्या दिवशी टाकीच्या तोंडाला हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, मग लोटन त्या तोंडात डोकं घालून सावकाश श्वास घ्यायचा. वास अजून जड वाटला तर "उद्या" म्हणायचा. विरळ झाला असेल तर "उतरा" म्हणायचा. त्या एका शब्दावर माणसं बिनघोर शिडी उतरत.

झुंबरबाईचा धाकटा भाऊ वना दोन पावसाळ्यांमागे बहिणीच्या शब्दावर वखारीत लागला होता. शब्द तिनेच टाकला होता, मुकादमाच्या घरी खेटे घालून. आईमागे तिनेच कडेवर वागवलेला हा भाऊ, अंगानं धट्टाकट्टा आणि कायम खिदळणारा. यंदा टाकीत उतरणाऱ्यांत त्याचं नाव आलं होतं. टाकीतल्या कामाला मजुरी चढी मिळे, म्हणून वना खुशीत होता आणि झुंबरबाईही खुशीतच होती. आखाजीपर्यंत.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीच्या वरचढ. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, आणि घरोघर पितरांसाठी पाण्याची घागर भरून पुजतात. घरधनी चुलीपुढे बसून गोवरीच्या निखाऱ्यावर सांजोरीचा तुकडा ठेवतो, वर तूप सोडतो. त्याला आगारी टाकणं म्हणतात. पेटला विस्तव, निघाला धूर, की पितर जेवले.

त्या सकाळी गोवरी काही केल्या धरेना. झुंबरबाईनं वाटीत थोडं घासलेट घेतलं, गोवरीवर शिंपडलं, काडी लावली आणि वाटी तिथंच ठेवून ती खापरावरची पोळी उलटायला धावली. त्या वाटीच्या शेजारीच पातळ केलेल्या तुपाची वाटी होती. दोन्ही वाट्या पितळी, एकसारख्या. लोटन अंघोळ करून आला, पाटावर बसला. त्यानं वाटी उचलली, कपाळापर्यंत नेली, डोळे मिटून आजा-पणजाचं नाव घेतलं आणि वाटी निखाऱ्यावर उपडी केली.

भडका छपराला जाऊन टेकला. लोटनच्या भुवया गेल्या, मिशीचं एक टोक गेलं. वनानं घागरीतलं पाणी ओतलं, मग धूर, राख आणि चिखल. कोणाला फारसं लागलं नाही हे कळताच वना पोट धरून हसायला लागला.

"दाजी, पितरसले तूप देतस का घासलेट पाजतस?"

शेजारपाजारचे जमले, तेही हसले. कोणी म्हातारी म्हणाली, बरं लक्षण नाही हे. लोटन जळक्या मिशीवरून हात फिरवत ओशाळं हसला. झुंबरबाई हसली नाही. वाट्यांची चूक कोणाकडूनही होईल, डोळ्यांना फसता येतं. पण कपाळाला लावायला नेलेली वाटी नाकासमोरून गेली होती. थप्पीतला पाझरता डबा चार हातांवरून ओळखणाऱ्या माणसाला नाकाखालचं घासलेट कळलं नव्हतं.

जेवणं झाली. वना झोक्यांकडे गेला. लोटन भिंतीला टेकून बसला होता. झुंबरबाईनं दार लोटलं, दारातल्या मोगऱ्याची चार फुलं तोडून आणली होती ती मुठीत घेतली आणि त्याच्यापुढे बसली.

"डोया मिटा."

"काबरं?"

"मिटा म्हनस ना."

त्यानं मिटले. तिनं मूठ त्याच्या नाकाशी नेऊन उघडली.

"हाई काय शे, सांगा."

लोटननं श्वास घेतला. पुन्हा घेतला. त्याच्या कपाळाला आठी पडली. घरात नाकाशी धरण्यासारखं दुसरं काय असणार, असा त्यानं विचार केला असावा.

"घासलेट," तो म्हणाला.

झुंबरबाईनं फुलं त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं डोळे उघडले आणि फुलांकडे बघितलं. बाहेर पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या.

"कवयपाईन?" तिनं विचारलं.

"माले बी ठाव नही. एक दिन सकायले चहाले वास नव्हता. मंग ध्यानमा उनं, आदला दिन बी नव्हता."

"भटू पडना तवय?"

भटू त्यांच्याच ओळीत शेवटच्या खोलीत राहायचा. मागच्या सालच्या सफाईत तो टाकीत कोसळला होता. दोरानं ओढून वर काढला, जगला, पण छाती भाजल्यासारखी झाली आणि डोक्यानंही तो मंद झाला. ऊन लागलं, रिकाम्या पोटी उतरला, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. लोटननंही तेच सांगितलं होतं. आता तो मान खाली घालून मांडीवरची फुलं एकेक करून उचलत होता.

"तवय बी नव्हता," तो म्हणाला.

"आनि तुम्ही उतरा म्हनं?"

"मुकादमना तोंडकडे देखं. त्यानं तोंड उतावयं दिसनं का मी उतरा म्हनस. डोया चुरचुरनात का उद्या म्हनस. आसंच चालनं आजलोंग."

झुंबरबाईला भयंकर राग आला. तिला वाटलं, ही जळकी मिशी धरून ह्या माणसाला चाळभर फिरवावं. पण त्याच्याकडे बघता बघता तिला दिसलं, की हा किती थकलाय. वास घ्यायच्या थकव्यापेक्षा वास येतो असं दाखवायचा थकवा मोठा असला पाहिजे. राग गेला नाही. त्याच्या शेजारी कीव येऊन बसली एवढंच.

"सांगं काबरं नही?"

"काय सांगू? नाक गयं तं मंग लोटन कोन?" त्यानं दोन्ही तळहात पुढे केले. डबे भरायच्या वर्षांत ते सोलवटले होते ते पुन्हा धड झाले नव्हते, भेगांत काळं बसलेलं. "ह्या हातेसवर परत डब्बा भरू?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ह्या मुठीत माणसं होती.

"उद्या वना उतरस त्यामा," ती म्हणाली.

"वनाले नको धाडू. मी मुकादमले सांगसू, पोटमा दुखस त्याना. नथ्थू उतरी."

हे ऐकून तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. नथ्थू पलीकडच्या खोलीतला, नुकतंच लग्न झालेला. त्याची बायको आजच तिच्याकडे पुरण वाटायला येऊन गेली होती.

"नथ्थूले कोनी नही का?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगा त्यासले. उद्या कोनी उतराना पहिले सांगा."

"सांगसू," लोटन म्हणाला. "उद्या सांगसू."

त्याच्या "उद्या"चा तिला भरवसा वाटेना. दिवेलागणीला वना झोक्यांवरून परतला तसं तिनं त्याला ओट्यावर गाठलं. नवऱ्याचं बिंग फोडायला जीभ रेटेना. चार चौघांत नाव असलेला माणूस, आणि तो आपलाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"वना, उद्या तू जाऊ नको."

"काबरं वं अक्का?"

"आगारीमा भडका उना. चांगलं नही ते."

वना पुन्हा हसला. "भडकाना आनि टाकीना काय संबंध? दाजीनं नाक शे ना, मंग कसानं भ्याव?"

एवढं बोलून तो आंबा चोखत बसला. झुंबरबाईला रडू आलं ते चुलीच्या धुराच्या नावावर खपून गेलं.

सकाळी दोघे पुरुष कामावर गेले. लोटन दारातून बाहेर पडताना तिच्याकडे न बघता गेला, तेव्हाच तिला उमजलं की हा सांगणार नाही. तिनं भाकरी बांधली आणि निघाली. वाटेत भटूचं दार उघडं होतं. उंबऱ्यात बसून तो श्वास ओढत होता आणि त्याची बायको तानुबाई त्याला पंख्यानं वारा घालत होती. ऊन अजून चढलंही नव्हतं.

"कोठे निंघनी वं?" तानुबाईनं विचारलं.

"भाकर द्याले," झुंबरबाई म्हणाली आणि पाय उचलून चालू लागली. तानुबाईच्या तोंडाकडे बघण्याचा तिला धीर नव्हता.

वखारीत ती पोचली तेव्हा नारळ फुटला होता. टाकीच्या तोंडाभोवती मंडळी उभी होती. मुकादम पितांबर, नथ्थू, वना आणि आणखी सात-आठ गडी. वनाच्या कमरेला दोर बांधून झाला होता, हातात खरवडायचं फावडं होतं. वखारीत बायकांना यायची बंदी नव्हती, डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला बायका येतच, पण टाकीजवळ कोणी बाई फिरकत नसे. ती शेडच्या सावलीत थांबली. तिथपर्यंतही वास येत होता. गोडसर, जड, घशात तेलाचा तवंग धरावा तसा. तिनं पदर नाकाला लावला.

लोटन टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसला. डोकं आत घातलं. खांदे वर झाले, खाली झाले. मनातल्या मनात ती म्हणत होती, सांग रे बाबा, सांगून टाक, मी दळण दळीन, मी लोकांची धुणी धुईन, पण सांग. त्यानं डोकं बाहेर काढलं. आधी मुकादमाकडे बघितलं. मुकादमाचं तोंड उतावीळ होतं, कारण दुसऱ्या दिवशी घासलेटचे टाकीडबे घेऊन रेल्वेगाडी यायची होती आणि टाकी साफ होऊन तयार पाहिजे होती. मग त्याला सावलीत उभी असलेली बायको दिसली. त्याचे ओठ हलले, थांबले.

"उतरा," तो म्हणाला. इतक्या हळू, की शेवटच्या गड्याला ऐकूही आलं नसेल.

वनानं शिडीवर पाय ठेवला.

"थांबा!" झुंबरबाई धावली. "वना, वर ये! उतरू नको! त्यासले वास येत नही! कितला सालपाईन येत नही!"

वना एक पाय आत आणि एक बाहेर असा थांबला. गडी एकमेकांकडे बघून हसू लागले. नवराबायकोचं वाजलं असेल, अशीच सगळ्यांची समजूत झाली. पितांबर मुकादम सावद्याकडचा, शहरी बोलायचा आणि चिडला की जास्तच शहरी बोलायचा.

"झुंबरबाई, घरचं भांडण घरी. इथं कामाचा खोळंबा होतो. लोटन, तुझ्या घरातल्यांना समजाव."

लोटन उठलाच नाही. गुडघ्यांवर होता तसाच टाकीच्या काठावर बसला आणि त्यानं डोक्याचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला. "ती खरं सांगस," तो म्हणाला. "माले वास येत नही. भटूना टाईमले बी नव्हता येत."

हसणं थांबलं. नथ्थूनं पटकन पुढे होऊन वनाला दंडाला धरून बाहेर ओढलं. पितांबर दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला राग आला होता, पण गाडी उद्या येणारच होती.

"बरं," तो म्हणाला, "लोटनचं नाक गेलं असेल. बाकीच्यांची आहेत ना जागेवर? मीच बघतो."

तो वाकला. डोकं आत घालून त्यानं दोन-तीन श्वास घेतले. बाहेर येऊन मिशी पुसली.

"काही नाही. साफ आहे. उगाच बाईनं घोळ घातला."

झुंबरबाई आता टाकीपासून हातभर अंतरावर उभी होती. पदराची दुहेरी घडी नाकावर असूनही तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कपाळात ठणका भरला होता. तिला वाटलं, हा माणूस गाडीपायी खोटं बोलतोय.

"नथ्थू, तू देख," ती म्हणाली. "तुना गयानी आन शे. खरं सांग."

नथ्थूनं डोकं घातलं. खोटं बोलायला त्याला काही कारण नव्हतं, वनानंतर उतरायची पाळी त्याचीच होती. बाहेर येऊन तो गोंधळून म्हणाला, "खरंच सांगस, वहिनी. काहीच नही."

मग एकेक जण वाकू लागला. कोणी म्हणे नाही, कोणी म्हणे असेल थोडा पण नेहमीचाच, कोणी नुसती मान हलवी. वाकून बाहेर आलेला प्रत्येक जण पुढच्याकडे बघायचा आणि पुढचा वाकायचा. शेवटी वना राहिला. त्यानं तर कौतुकानं खोल श्वास ओढला, छाती भरून, आणि तिच्याकडे वळून हसला.

"अक्का, उगाच भ्यास तू. साफ शे."

"माले आठे उभं राहवत नही," झुंबरबाई म्हणाली, "आनि तू साफ शे म्हनस?"

वनाचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं पुन्हा वाकून श्वास घेतला. मग स्वतःचा हात हुंगला, सदऱ्याची बाही हुंगली. त्याला काय शोधायचं होतं आणि ते सापडलं की नाही, हे तिला त्याच्या तोंडावरून कळलं.

तेवढ्यात कचेरीतून रुपचंदभाई आले. वखारीचे व्यवस्थापक. कामाचे आवाज बंद पडलेले ऐकून ते चौकशीला आले होते. पांढरं धोतर, काळा कोट. टाकीच्या जवळ येता येता त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. ते नेहमीच लावत. गड्यांना ती शेठ लोकांची ऐट वाटायची, आणि पाठीमागे त्यांची नक्कल करून ते हसायचे.

आज कोणी हसलं नाही. सगळे त्या रुमालाकडे बघत होते.

"काय गोंधळ आहे?" रुपचंदभाई रुमालातून म्हणाले.

"शेठ," पितांबर म्हणाला, "तुम्हाला वास येतो?"

"येतो म्हणजे? डोकं उठलंय माझं! बंद करा ते तोंड, नाहीतर कामं सुरू करा. असं उघडं टाकून काय उभे आहात?"

पितांबर मुकादम, म्हणजे सगळ्यांत जुना. ह्या वासात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तो मागे सरकून डब्यांच्या थप्पीवर बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचं नाक चाचपून बघू लागला, जसं काही ते चोरीला गेलं असावं. एरवी ह्यावर गड्यांनी महिनाभर हसून घेतलं असतं.

झुंबरबाईला वाटलं होतं, एक नाक गेलंय. ती एका माणसाचं बिंग फोडायला आली होती. इथं सगळीच नाकं गेली होती, आणि कोणालाच ते कळलं नव्हतं, कारण सांगणार कोण? वनाला टाकीत उतरू द्यायचं नाही म्हणून ती धावत आली होती. पण तिनंच त्याला इथं आणलं तेव्हापासून तो दिवसभर ह्याच वासात श्वास घेत होता.

रुपचंदभाईंना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. माणूस वाईट नव्हता. त्याला गाडीची काळजी होती आणि वर कंपनीला काय उत्तर द्यायचं याची होती, एवढंच.

"आज कोणी उतरू नका," ते म्हणाले. "गाडीतलं तेल पलीकडच्या टाकीत घेऊ. लोटन, तू आता उद्यापासून डब्यांवर जा."

लोटननं मान हलवली. त्याला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. पुष्कळ दिवसांचं ओझं खाली ठेवलेल्या माणसासारखा तो नुसता बसून होता.

"पण टाकी साफ तर झाली पाहिजे," रुपचंदभाई म्हणाले. "खात्री कोण करणार?"

"शेठ, तुम्हाला वास येतो," पितांबर बसल्या जागेवरून म्हणाला. "तुम्हीच घ्या."

"मी?" रुपचंदभाई दोन पावलं मागे सरले. "मी रोज टाकीत डोकं घालू? कचेरी कोण बघणार?"

मग एकेकाची मान झुंबरबाईकडे वळली. नथ्थूची, पितांबरची, सगळ्यांची. पदर नाकाला लावून उभी असलेली ती एकटीच होती. रुपचंदभाईंनाही ते दिसलं.

"बाई, तुमचं नाक चांगलं आहे," ते म्हणाले. "तुम्ही येत जाल का? टाकीवर, आणि थप्प्यांवरही. रोजच्या कामाला लावून घेतो."

"नको," लोटन एकदम म्हणाला. सगळ्यांसमोर बायकोशी तो असा कधी बोलला नव्हता. "झुंबर, तू नही म्हन. तुनं बी जाई."

तिला ते कळत होतं. चाळीत कोणाहीपेक्षा तिला ते जास्त कळत होतं. रोज यायचं म्हणजे रोज हा वास घ्यायचा, आणि मग एका सकाळी तो येईनासा व्हायचा, आणि त्या सकाळी कळायचंही नाही. पण ती नाही म्हणाली तर दोन दिवसांनी, चार दिवसांनी, कोणीतरी वाकणार आणि साफ आहे म्हणणार. मग कोणीतरी उतरणार. वनाच्या कमरेचा दोर अजून सोडलेला नव्हता.

ती त्याच्याजवळ गेली. पदर सोडला, दोन्ही हातांनी दोराची गाठ सोडवू लागली. तेलानं गाठ घट्ट बसली होती, नखं लावून काढावी लागली. वना लहान पोरासारखा मान खाली घालून उभा होता. दोर निघाला तेव्हा तिनं तो गुंडाळून मुकादमाजवळ ठेवला आणि रुपचंदभाईंकडे वळली.

"सकायले कवय येऊ?" तिनं विचारलं.